विद्यार्थ्याचे अर्थशौच

शौच म्हणजे पवित्रता. पवित्रतेचा विषय निघाला म्हणजे सामान्यतः मनुष्याला स्नान, धूतवस्त्र, सोवळे आणि निर्मळ देवघर यांचे स्मरण होते. या सर्वांचे महत्त्व आहेच; परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीच्या नाना प्रकारांचा विचार करताना स्मृतिकारांनी अर्थाच्या शुद्धीला सर्वांत श्रेष्ठ स्थान दिले आहे. माती आणि पाणी यांनी हात स्वच्छ होतात. परंतु त्या हातात द्रव्य कोणत्या मार्गाने आले आणि त्यातून कोणत्या मार्गाने गेले, यावरच त्याची खरी शुद्धी ठरते. श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची लक्षणे सांगताना भगवंतांनी शौच आणि अलोलुपता या दोहोंचीही गणना केली आहे. ज्याची लोलुपता सुटली नाही त्याचे अर्थशौच टिकत नाही, आणि ज्याचे अर्थशौच गेले त्याचे बाह्य सोवळे केवळ देखावा होऊन राहते.

गृहस्थाच्या घरातील मुलगा किंवा मुलगी विद्यापीठातील शिक्षणासाठी परगावी जाते, त्या दिवशी हे अर्थशौच प्रथमच तिच्या स्वतःच्या स्वाधीन होते. तोपर्यंत धान्याच्या डब्यात किती उरले हे आईला ठाऊक असते आणि महिनाअखेरची ओढाताण वडिलांना ठाऊक असते. मुलाला फक्त वाढलेले ताट दिसते. परगावी गेल्यावर तेच मूल एका दिवसात स्वतःच्या लहानशा संसाराचे कर्ते होते. वसतिगृहाचे शुल्क, खानावळीचे पैसे, पुस्तके, प्रवास, आजारपण हे सर्व त्याच्याच विवेकावर येऊन पडते. विद्येची परीक्षा वर्षातून एकदोनदा होते. ही परीक्षा मात्र प्रतिदिनी होत असते, आणि तिचा निकाल कोणी फलकावर लावीत नाही.

प्राचीन आश्रमव्यवस्थेत ब्रह्मचाऱ्याच्या हाती द्रव्य दिलेच जात नसे. तो भिक्षा मागून आणी, आणलेली भिक्षा प्रथम गुरूंपुढे ठेवी आणि त्यांची अनुज्ञा झाल्यावरच भोजनास बसे. या नियमात मोठे मर्म आहे. भिक्षा त्याने स्वतः मिळविलेली असे. तथापि ती आपली आहे असे मानून तो परस्पर खात नसे. महाराष्ट्रात तर अगदी अलीकडच्या पिढ्यांपर्यंत अनेक गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा सात घरी सात वार लावून जेवले आणि विद्वान झाले. त्यांच्या हाती पैसा नव्हता, म्हणून पैशाचा मोहही मर्यादित होता. आजच्या विद्यार्थ्याची स्थिती याच्या उलट आहे. त्याच्या हाती पैसा आहे. परंतु आणलेले ज्यांच्यापुढे ठेवावे असे गुरू त्याच्या खोलीत नाहीत. २०१६ साली यूपीआयची सोय सुरू झाल्यापासून तर नोट मोडतानाची ती क्षणभराची हुरहुरही उरलेली नाही. मोबाइलवर अंक दाबला की पैसा गेला. जाताना तो दिसतही नाही. जे जाताना दिसत नाही त्याचा विचारही होत नाही.

मग ती प्राचीन मर्यादा आज कशी पाळावी? याचे उत्तर भारतातून समुद्रापार गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या चरित्रात उत्तम प्रकारे सापडते.

१८८८ च्या सप्टेंबरमध्ये मोहनदास करमचंद गांधी नावाचा अठरा वर्षांचा तरुण बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी लंडनला निघाला. त्याच्या खर्चाचा भार त्याचे ज्येष्ठ बंधू लक्ष्मीदास यांनी उचलला होता. लंडनला गेल्यावर सभ्य गृहस्थ दिसण्याच्या मोहाने या तरुणाला ग्रासले. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी आली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सायंकालीन पोशाख शिवून झाला. घड्याळासाठी सोन्याची दुहेरी साखळी बंधूंकडून मागविण्यात आली. नृत्याच्या वर्गाचे तीन पौंड भरले, पाठोपाठ व्हायोलिनसाठी आणखी तीन पौंड गेले. हा सर्व वृत्तांत त्यांनी स्वतः आपल्या आत्मकथेत कसलाही आडपडदा न ठेवता लिहिला आहे. हा मोह सुमारे तीन महिने टिकला. नंतर त्यांच्या मनाने विचार केला की, आपण येथे विद्यार्थी म्हणून आलो आहोत, आणि आपल्या मागणीसरशी जो भाऊ पैसे पाठवितो तो स्वतः ओढग्रस्तीत आहे.

या मोहाच्या काळातही त्यांनी एक नियम सोडला नव्हता. बसचे भाडे असो, टपालाचे तिकीट असो वा वर्तमानपत्राचे दोन पैसे असोत, प्रत्येक खर्च ते लिहून ठेवीत आणि रात्री निजण्यापूर्वी शिल्लक जुळवून पाहत. त्या वहीनेच त्यांना आरसा दाखविला. त्यांनी कुटुंबात राहणे सोडून स्वतंत्र खोली घेतली, प्रतिदिनी आठ-दहा मैल पायी चालून वाहनाचा खर्च वाचविला आणि पुढे एकाच खोलीत राहून सकाळचे अन्न स्वतः शिजविण्यास आरंभ केला. यामुळे आयुष्य रूक्ष झाले नाही. उलट बाह्य आणि आंतर जीवनात मेळ बसला, असे त्यांनी नमूद केले आहे. पुढे लाखो रुपयांचा सार्वजनिक निधी त्यांच्या हातून खर्च झाला, आणि त्यात कर्ज न राहता शिल्लक राहिली, याचे श्रेय त्यांनी विद्यार्थिदशेतील याच सवयीला दिले.

या विद्यार्थ्याने गीता प्रथम वाचली तीही लंडनलाच. तेथील वास्तव्याच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास दोन थिऑसॉफिस्ट बंधूंच्या संगतीत एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी पद्यानुवादातून त्यांना गीतेचा परिचय झाला, आणि दुसऱ्या अध्यायाच्या अखेरचे श्लोक त्यांच्या अंतःकरणात खोल रुतले. तेथे भगवंत अधःपाताची परंपरा सांगतात. विषयाचे चिंतन करता करता आसक्ती जडते, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश होतो. ज्याने एका टोपीपासून सोन्याच्या साखळीपर्यंतचा प्रवास स्वतः केला होता, त्याला या परंपरेचा अर्थ कोणा भाष्यकाराला विचारावा लागला नसेल.

विद्यार्थ्याच्या खर्चात ही परंपरा कशी चालते ते पाहावे. प्रथम शेजारच्या खोलीतील मित्राच्या नव्या मोबाइलचे चिंतन होते. चिंतनातून संग, संगातून तो आपल्याजवळ असावा ही कामना. घरून पैसे येत नाहीत म्हणून आईवडिलांवर क्रोध. क्रोधाने विवेक झाकला की हप्त्यावर तो मोबाइल घेतला जातो. यानंतर येतो तो स्मृतिभ्रंश. आपण कोण, येथे कशासाठी आलो, कोणाच्या घामाचे हे पैसे आहेत, याचीच विस्मृती होते. म्हणून रोजचा हिशेब लिहिणे ही केवळ व्यवहारी सवय नव्हे; ती स्मृतीचे रक्षण करणारी साधना आहे. प्राचीन ब्रह्मचारी जशी भिक्षा गुरूंपुढे ठेवी, तसा आजच्या विद्यार्थ्याने दिवसाचा हिशेब रात्री निजण्यापूर्वी भगवंतांपुढे ठेवावा. जी रक्कम भगवंतांपुढे लिहिताना हात अडखळतो, ती उद्या खर्चू नये. इतके साधे हे शास्त्र आहे.

आता मर्यादेचा विचार करू. सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट केले आहे की, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. आहार, विहार, निद्रा आणि जागृती युक्त असतील तरच योग दुःखनाशक होतो. धनाच्या बाबतीतही हेच सूत्र आहे. घरच्या गरिबीची जाणीव असलेली काही मुले एक वेळचे जेवण सोडून पैसे वाचवितात. त्यांचा हेतू निर्मळ असतो. परंतु शरीर खचले, अभ्यास बुडाला आणि औषधाचा खर्च वाढला, तर त्या बचतीने काय साधले? शरीराला पीडा देणारे तप भगवंतांनी सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. अन्न, आरोग्य आणि पुस्तके यांत कृपणता करू नये; अनुकरण, प्रदर्शन आणि आळस यांवर मात्र एक पैसाही जाऊ देऊ नये.

उदाहरणार्थ, एखाद्या विद्यार्थ्याला घरून महिन्याला ९००० रुपये येतात असे समजावे. दोघातिघांत घेतलेल्या खोलीचे भाडे ३०००, खानावळ ३२००, प्रवास ६००, वह्या व झेरॉक्स ५००, मोबाइल ३००, साबण, कपडे व किरकोळ औषधे ५००. एकूण ८१०० झाले. उरले ९००. त्यांतून ५०० रुपये अडीअडचणीसाठी पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात ठेवावेत, १०० दानासाठी काढावेत आणि ३०० स्वतःच्या निर्दोष आवडीसाठी ठेवावेत. पहिल्याच दिवशी वेगळे काढणे, हे यातील रहस्य आहे. महिनाअखेरीस उरेल ते वाचवू म्हणणाऱ्याजवळ काही उरत नाही. हाच विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारातील टपरीवर दिवसातून दोन वेळा वीस-वीस रुपयांचा चहा आणि खारी घेईल, तर महिन्याचे १२०० रुपये होतील. म्हणजे राखीव, दान आणि आवड हे तिन्ही त्या टपरीवर संपून वर ३०० रुपयांची उधारी होईल. चहा पिणे हे पाप नव्हे. परंतु आपण काय देऊन तो पितो हे माहीत नसणे हा प्रमाद आहे.

येथे कोणी म्हणेल की, ज्याला स्वतःलाच घरून पैसे येतात त्याने दान कशाला करावे? तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, देवांनी दिलेले भोग त्यांना काही परत न देता जो एकटाच भोगतो तो चोर होय. विद्यार्थ्याने आपल्या बाकाकडे पाहावे. सरकारी विद्यापीठात तो भरतो त्या शुल्कातून त्याच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च निघत नाही. उरलेला भार करदात्यांवर, म्हणजे आगपेटी विकत घेणाऱ्या मजुरावरही पडतो. १९१६ साली काशीत हिंदू विश्वविद्यालय उभे राहिले ते पंडित मदनमोहन मालवीय यांनी राजांपासून सामान्यांपर्यंत सर्वांपुढे हात पसरून जमविलेल्या दानातून. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली तीही बहुजनांच्या मदतीवर आणि मुलांच्या श्रमांवर. कमवा आणि शिका हा मार्ग त्यांनी घालून दिला, आणि आजही अनेक विद्यापीठांत त्या नावाची योजना चालते. जो विद्यार्थी वसतिगृहाच्या बागेत किंवा ग्रंथालयात काम करून चार पैसे मिळवितो, त्याने त्यात कमीपणा मानू नये. ते पैसे सर्वाधिक शुद्ध आहेत.

दानाचे पात्रही ओळखावे. जे देणे कर्तव्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देशकाली आणि योग्य पात्री दिले जाते ते सात्त्विक होय. वाढदिवसाला दहा मित्रांना उपाहारगृहात नेणे हे दान नव्हे. त्यात पुढील महिन्यात त्यांनी आपल्याला न्यावे ही अपेक्षा असते. परीक्षेचे शुल्क भरण्यास शंभर रुपये कमी पडणाऱ्या सहाध्यायाला कोणाला न सांगता दिलेले शंभर रुपये मात्र दान होय.

घेण्याचीही एक मर्यादा आहे. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात महाकवी कालिदासांनी वरतंतूंचा शिष्य कौत्स याची कथा सांगितली आहे. चौदा विद्यांसाठी चौदा कोटींची गुरुदक्षिणा मागण्यास तो रघुराजाकडे आला, तेव्हा विश्वजित् यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या राजाजवळ मातीचे पात्रच काय ते उरले होते. राजाने कुबेरावर स्वारीचा निश्चय केला आणि त्याच रात्री कोशागारात सुवर्णवृष्टी झाली. राजा सर्वच्या सर्व सुवर्ण देऊ लागला. कौत्स मात्र गुरुदक्षिणेपुरतेच घेऊ लागला. अयोध्येच्या जनांना प्रश्न पडला, अधिक थोर कोण? देणारा की घेणारा? प्रत्येक गृहस्थाच्या घरी हे दृश्य घडू शकते. आईवडील स्वतःला मोडून देण्यास सिद्ध असतात. त्यांच्याकडून लागेल तेवढेच घेणे, हे पुत्राचे कौत्सव्रत होय.

कर्जाविषयी विशेष सावधानता हवी. बँकेचे शैक्षणिक कर्ज हे विद्येसाठी असल्यामुळे त्याज्य नव्हे. परंतु त्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. सामान्यतः शिक्षण चालू असता हप्ता भरावा लागत नाही, म्हणून अनेकांना वाटते की तोपर्यंत कर्ज झोपलेले आहे. व्याज कधी झोपत नाही. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षे कर्ज घेतले आणि व्याज सरळ दहा टक्के धरले, तरी चौथ्या वर्षाच्या अखेरीस चार लाखांवर एक लाख व्याज चढलेले असते. म्हणून मिळतील तेव्हा थोडेथोडे व्याज आधीच भरत जावे.

याहून निराळे आणि भयंकर ते मोबाइलवरील झटपट कर्ज. समजा कोणी ५००० रुपयांचे कर्ज दाखवून, १००० रुपये आधीच कापून, हाती ४००० दिले आणि सात दिवसांनी ५००० परत मागितले. सात दिवसांत चार हजारांवर एक हजार, म्हणजे आठवड्याला पंचवीस टक्के झाले. वर्षाच्या हिशेबाने तेराशे टक्के. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणारी संस्था नोंदणीकृत असावी लागते, एकूण वार्षिक खर्चाचा दर दाखविणारे माहितीपत्रक आधी द्यावे लागते आणि रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते. जेथे हे नाही तेथे पाऊल टाकूच नये. अठराव्या अध्यायात भगवंतांनी राजस सुखाचे वर्णन केले आहे, की ते आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असते. या कर्जाला याहून अचूक वर्णन सापडणार नाही.

द्यूताची गोष्टही अशीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फासे खेळून घरदार गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे; फासे सोड आणि शेती कर, असा उपदेशही त्यातच केलेला आहे. साक्षात धर्मराज एकदा सर्वस्व हरून, ते परत मिळाल्यावरही पुन्हा द्यूतास बसले आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास पदरी घेतला. गेलेले परत मिळविण्याची आशा हाच द्यूताचा खरा फासा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु कायदा बाहेरचे दार बंद करतो, आतील लोभाचे दार ज्याचे त्यानेच बंद केले पाहिजे.

अलीकडे आणखी एक पाश विद्यार्थ्यांभोवती टाकला जातो. कोणी गोड बोलून सांगतो, तुझे बँकेचे खाते आणि कार्ड काही दिवस वापरण्यास दे, घरबसल्या काही हजार मिळतील. त्या खात्यातून कोणा वृद्धाच्या आयुष्यभराच्या पुंजीची चोरी वाहून नेली जाते, आणि पोलीस प्रथम येतात ते खातेदाराच्या दाराशी. येथे विद्यार्थ्याने एक पैसाही खर्चलेला नसतो, तरी त्याचे अर्थशौच समूळ नष्ट झालेले असते. श्रमावाचून येणाऱ्या प्रत्येक रुपयाला विचारावे, तू कोणाच्या घरून निघालास?

शेवटी मातापित्यांच्या कर्तव्याचा विचार केला पाहिजे. मुलगा फसतो त्यापेक्षा अधिक अनर्थ तो लपवितो यामुळे होतो. लपविण्याचे कारण बहुधा भय असते. समजा, एखाद्या रात्री मुलाचा फोन येतो, “अप्पा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. परीक्षेच्या शुल्काचे पैसे मी घालवले, आणि वर कर्जही झाले आहे.” त्या क्षणी पिता गर्जला, तर मुलगा पुढचे वाक्य बोलणार नाही, कदाचित पुन्हा कधीच बोलणार नाही. आणि पिता म्हणाला, “जेवलास का? प्रथम जेव. किती झाले ते सगळे सांग, काही लपवू नकोस. उद्या सकाळच्या गाडीने मी येतो, दोघे मिळून निस्तरू,” तर पैसा गेला असला तरी पुत्र हाती राहतो. पैसे मिळविता येतात. भयाने काळोखात गेलेला पुत्र परत आणणे मनुष्याच्या हाती नाही. कुरुक्षेत्री विषादाने खचलेल्या अर्जुनाचे सर्व बोलणे भगवंतांनी प्रथम ऐकून घेतले, मगच उपदेशास आरंभ केला. हा क्रम प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा. फसवणूक झाली असेल तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्यक्रमांकावर आणि बँकेत कळवावे. लज्जेपायी घालविलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

यासोबत पालकांनी घरची खरी स्थितीही मुलापासून लपवू नये. कित्येक वडील कर्ज काढून पैसे पाठवितात आणि मुलाला मात्र, तू चिंता करू नकोस, एवढेच सांगतात. प्रेमापोटी लपविलेले हे सत्य मुलाला अविवेकी करते. घरातून मूल निघताना त्याला जवळ बसवून उत्पन्न किती, खर्च किती आणि त्याच्या शिक्षणासाठी काय बाजूला ठेवले आहे, हे शांतपणे सांगावे. ज्याला मूळ ठाऊक आहे तो फळ फेकून देत नाही.

तात्पर्य, पैसा हा विद्यार्थ्याचा शत्रू नव्हे आणि देवही नव्हे. तो आईवडिलांनी, समाजाने आणि अंतिमतः भगवंतांनी त्याच्याजवळ विश्वासाने दिलेली ठेव आहे. घेताना मर्यादा, खर्चताना स्मृती, देताना निरपेक्षता आणि चुकल्यास सत्य, या चार गोष्टी ज्याने सांभाळल्या त्याचे अर्थशौच सांभाळले गेले. तो उद्या गृहस्थ होईल, आणि त्याच्या घरात येणारे द्रव्य देवपूजेच्या पाण्याइतकेच निर्मळ असेल. आज रात्रीच एक साधी वही उघडावी, वर भगवंतांचे नाव लिहावे आणि खाली दिवसभराचा खर्च मांडावा. सर्व हृदयांत वास करणारे भगवान श्रीकृष्ण परगावी एकट्या खोलीत अभ्यास करीत बसलेल्या प्रत्येक बालकाच्या बुद्धीचे रक्षण करोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.